सिद्रामअण्णांचा डावा कान

सिद्रामअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते खालून.

सोलापुरात, शुक्रवार पेठेत, आमच्या गल्लीच्या टोकाला, सुताचं एक जुनं गोदाम आहे. बरीच वर्षं ते बंदच असायचं. एका सकाळी त्याच्या पत्र्याच्या दारावर खडूनं लिहिलेलं दिसलं, 'नाटक शिकायचं हाय का? वय पस्तीसच्या पुढं. संध्याकाळी सात. लहान पोरांनी येऊ नये.' चार दिवस मी ते वाचत कॉलेजला गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी दार ढकलून आत शिरले. मधोमध एक शिडी, शिडीवर दोन काटकुळे पाय, आणि पायांच्या वर, पत्र्याजवळच्या अंधारात, तोंडात खिळे धरून बोलणारा कुणीतरी माणूस.

"आलात? शिडी धरा की."

मी शिडी धरली. पंधरा-वीस मिनिटं धरून उभी राहिले. वर ठोकाठोकी चालली होती, माझ्या केसांत भुसा पडत होता आणि मी मनात म्हणत होते, नाटकाचे मास्तर आले की या सुताराची तक्रार करायची. काम संपवून तो खाली उतरला. साठीच्या पुढचा, बारीक अंगाचा, निळा सदरा, सदऱ्याच्या एका खिशात सुतळीचा गुंडा आणि दुसऱ्यात पक्कड. तोंडातला शेवटचा खिळा काढून तो म्हणाला, "मी सिद्राम. नाटक मीच शिकवतो. तुमी काय करता?"

"कॉलेजात लायब्ररियन आहे."

"आँ?"

"लायब्ररियन."

"आँ?"

"ला-य-ब्र-रि-य-न!" माझा आवाज चिरकला.

"असं व्हय," ते म्हणाले. "म्हंजे वीस वर्षं पोरांना 'गप बसा, गप बसा' म्हणून तुमचाच आवाज बसलाय. बरं झालं आलात."

माझं वय तेव्हा सेहेचाळीस होतं. मुलगी शिकायला पुण्याला गेली होती, नवरा रात्री उशिरा यायचा, संध्याकाळी घर रिकामं असायचं. नाटकं बघायची आवड शाळेपासून होती, पण करायचं धाडस कधी झालं नव्हतं. या वयात कोण शिकवणार, असंही वाटायचं. अण्णांना मी एकदा विचारलं होतं, की पस्तीसची अट कशाला? ते म्हणाले, "त्याच्या आधी माणूस आरशात बघून नाटक करतो. पस्तिशीनंतर आरशाचा कंटाळा येतो. मग तो दुसऱ्याकडं बघाय लागतो. मला तितनं सुरुवात करायची असती."

अण्णा मूळचे नाटकवाले नव्हतेच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. चाळिशी उलटल्यावर एकदा त्यांना एका नाट्यगृहात बोलावणं आलं. पडद्याची कप्पी अडकली होती आणि प्रयोग दोन तासांवर होता. त्यांनी कप्पी मोकळी केली, हात पुसले आणि "आता चालतंय का बघू" म्हणून विंगेत थांबले. पहिला अंक बघितला, दुसरा बघितला. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर परत तिथंच गेले. त्यानंतर वीस-बावीस वर्षं कारखान्यातून सुटून ते कुणा ना कुणाच्या नाटकाच्या मागं असायचे. नेपथ्य ठोकलं, दिवे लावले, पडदा ओढला, नटांना संवाद सुचवले. रंगमंचावर मात्र दिवे लागल्यावर कधी पाऊल टाकलं नाही. प्रयोगानंतर सगळे नमस्काराला पुढं जायचे तेव्हा हे मागं दोऱ्या गुंडाळत बसायचे.

आमच्या वर्गात आम्ही नऊ जण होतो. त्यातल्या दोघांबद्दल सांगायलाच हवं. एक अनसूयाक्का. एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायच्या. पन्नाशीच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. मराठी फर्डी बोलायच्या, पण वाचता येत नव्हतं. दुसरे सलीमभाई, शाळेच्या मुलांची रिक्षा चालवणारे. वीस पोरांचा दंगा रोज पाठीवर घेऊन त्यांचा स्वभाव फार शांत झाला होता.

पहिले तीन आठवडे आम्हाला एकही संवाद मिळाला नाही. आम्ही लाकडी चौकटी बनवल्या, त्यांवर कापड ताणून भिंती केल्या, त्या दोघांनी दोन बाजूंनी धरून न धडकता कशा न्यायच्या ते शिकलो, आणि एक दार बनवलं. दार बनवायला आठ दिवस लागले. ते उघडलं की भिंत हलायची. सलीमभाई वैतागले.

"अण्णा, हम अॅक्टिंग सिकने आये ना? ये सुतारकाम कायकू?"

अण्णा शांतपणे दाराची बिजागरी घट्ट करत म्हणाले, "सलीमभाई, ज्याला दार उभं करता येत न्हाय, त्यानं दारातनं एंट्री घ्यायची न्हाय. उद्या तुमी रागानं दार आपटणार. भिंत तुमच्या अंगावर आली तर राग कुणाचा दिसंल? भिंतीचा."

भिंत हलायची थांबली त्या दिवशी अण्णांनी दार सहा वेळा आपटलं आणि प्रत्येक वेळी हसले. मग म्हणाले, "आता बोला काय बोलायचं ते."

बोलायला लागल्यावर आम्हाला अण्णांच्या डाव्या कानाची ओळख झाली. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात राहून त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता. तालमीला ते गोदामाच्या पार टोकाला खुर्ची टाकून बसायचे, उजवा कान भिंतीकडं आणि डावा आमच्याकडं. "चांगला कान देऊन कोन बी ऐकंल," ते म्हणायचे. "ह्या कानात शिरलात तर शेवटच्या रांगेत शिरलात." आणि हात कपाळावर आडवा धरून तिरक्या नजरेनं आमच्याकडं बघत बसायचे. कुणी फार रंगवून बोलायला लागलं, हुंदके वगैरे द्यायला लागलं, की टोकावरून आवाज यायचा, "साकु, साकु!" साकु म्हणजे कन्नडात पुरे. अण्णांच्या घरी कन्नड, बाहेर मराठी. स्तुती मराठीत करायचे आणि थांबवायचं झालं की कन्नडात.

माझा आवाज काही केल्या त्या कानात शिरेना. मी ओरडायला लागले की घसा बसायचा, घसा सांभाळला की अण्णा "आँ?" करायचे. एका शनिवारी दुपारी त्यांनी मला स्कूटरवर घातलं आणि थेट एमआयडीसीत, त्यांच्या जुन्या कारखान्यात नेलं. शेडमध्ये चाळीस माग चालू होते. आत पाऊल टाकलं आणि कानांवर कुणी परात वाजवतंय असं झालं. शेडच्या पलीकडच्या टोकाला शिलाई मशिनवर अनसूयाक्का बसल्या होत्या. अण्णांनी माझ्या वहीत लिहून दाखवलं, 'त्यांना सांगा, उद्या तालीम सकाळी हाय.'

मी जीव खाऊन ओरडले. माझं मलाच ऐकू आलं नाही. अनसूयाक्कांनी वर पाहिलं, हसल्या आणि तिथूनच काहीतरी बोलल्या. आवाज नाहीच. पण मला लख्ख कळलं. त्या म्हणत होत्या, "ओरडू नका, चहा घेणार का?" शब्द त्यांच्या ओठांवर, गालांवर, भुवयांवर इतके स्वच्छ उमटले होते की वाचता येत होते. आजूबाजूला पाहिलं तर शेडमधले सगळेच असे बोलत होते. कुणी विनोद सांगत होतं, कुणी घरचं सांगत होतं, चार माग ओलांडून, घसा न ताणता.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "बघितलं? आवाज मोठा करू नका, मॅडम. शब्द पुरा करा. तुमी शब्दाचं शेपूट गिळता. लायब्ररीतली सवय."

त्यानंतर महिनाभर मी घरी भाजी चिरताना शब्द पुरे करत होते. नवऱ्याला वाटलं मी त्याच्यावर रागावले आहे.

अण्णांकडं प्रत्येक आवाजाची एक युक्ती होती. आमच्या नाटकात एक खाट मोडायची होती. त्यांनी ज्वारीची कडक भाकरी आणली, माईकपाशी धरून कडाकडा मोडली आणि आम्ही दचकलो. हुबेहूब खाट. मात्र रोज तालमीला दोन भाकऱ्या मोडायच्या हे अनसूयाक्कांना सहन होईना. "अन्न आहे ते, अण्णा," त्या म्हणाल्या. मग ठरलं, की तालीम संपली की मोडलेली खाट सगळ्यांनी मिळून खायची, दही आणि शेंगाची चटणी घालून. पुढंपुढं लोक विचारायचे, "आज खाट मोडायची आहे ना?" नसली तर चेहरे उतरायचे.

दिव्यांच्या पहिल्या तालमीचा किस्सा तर आमच्याकडं अजून सांगतात. दिव्यांवर सलीमभाई होते. अनसूयाक्का मधोमध उभ्या. उजेड डोळ्यांत जायला लागला तशा त्या डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "चालु, चालु!" सलीमभाईंनी अजून एक दिवा चालू केला. "अय्यो, चालु अंटे!" सलीमभाईंनी होते तेवढे सगळे दिवे लावले. अनसूयाक्का पदर डोक्यावर घेऊन खाली बसल्या. तेलुगूत चालु म्हणजे पुरे, हे सलीमभाईंना कोण सांगणार? अण्णा हसून हसून खुर्चीवरून उठले आणि त्यांनी नियम केला, की यापुढं दिवे कमी करायला तिन्ही घरच्या भाषा बंद, फक्त हात वर करायचा.

आठ महिन्यांनी आमचं नाटक उभं राहिलं. ते आम्हीच बोलत बोलत रचलेलं होतं. गोष्ट साधी होती. एक बाई एका सुट्टीच्या दिवशी ठरवते, की आज स्वयंपाक करायचा नाही. घरात गोंधळ उडतो, नवरा स्वयंपाकाला लागतो, खाट मोडते, आणि शेवटी ती घराबाहेर येते, दाराला बाहेरून कडी घालते आणि पायरीवर बसते. ती बाई अनसूयाक्का, नवरा सलीमभाई. अनसूयाक्कांना संवाद मी वाचून दाखवायचे. एकदा ऐकला की त्या विसरायच्या नाहीत. मीच वाचताना चुकले तर मला दुरुस्त करायच्या.

पहिला प्रयोग कुठं करायचा यावर चर्चा झाली. अण्णा म्हणाले, "नाट्यगृहात कोन येणार आपल्याला बघाय? आपले नातेवाईक. जिथं माणसं हायत तितं जाऊ." त्यांनी जुन्या मालकांना गाठलं आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी, माग बंद असताना, शेडमध्येच प्रयोग ठरवला. मागांच्या दोन रांगांमध्ये रंगमंच बांधला. विणताना डाग पडून बाजूला टाकलेल्या चादरी अनसूयाक्कांनी जोडल्या आणि त्याचा पडदा झाला. कामगार बायकापोरांसह आले, मागांवर चढून बसले. उकाडा इतका की भिंतीतले मोठे पंखे चालू ठेवावे लागले.

प्रयोग असा रंगला की काय सांगू. सलीमभाईंनी भाकरी थापायला घेतली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका त्यांना सूचना द्यायला लागल्या. आणि शेवट आला. अनसूयाक्कांनी कडी घातली, पायरीवर बसल्या आणि शेवटचं वाक्य म्हणाल्या, "आता मी कुठं जात नाही. हितंच बसते. ज्याला भूक लागली त्यानं उठावं." 'उठावं' या शब्दावर पडदा पडायचा होता. पडद्याची दोरी अण्णांच्या हातात होती.

पडदा पडला नाही.

मी समोरच्या विंगेत होते. अण्णा मला दिसत होते. दोरी धरून, मान पुढं काढून, ते अनसूयाक्कांच्या पाठीकडं बघत होते आणि वाक्य यायची वाट पाहत होते. पंख्यांची घरघर त्यांच्या डोक्याशी होती. मी हात हलवला, पण मधल्या दिव्यामुळं त्यांना मी दिसले नाही. शेडमध्ये शांतता पसरली. पाच सेकंद. दहा सेकंद. 

अनसूयाक्का तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी पदरानं मान पुसली, समोरच्या रांगेत बसलेल्या एका बाईकडं पाहिलं आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, "तिन्नावा?" म्हणजे, जेवलीस का?

ती बाई गोंधळली. मग म्हणाली, "लेदु." नाही.

"मग ये की. बस."

आणि ती बाई खरोखर उठली! चप्पल काढून रंगमंचावर आली आणि अनसूयाक्कांच्या शेजारी पायरीवर बसली. तिच्या मागून तिची जाऊ आली. मग आणखी दोघी आल्या. बघता बघता पायरीवर सात-आठ बायका बसल्या आणि गप्पा मारायला लागल्या. आतून सलीमभाईंनी दार वाजवलं, "अगं, कडी काढ!" त्यावर त्या सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या, "नाही!" शेडचा पत्रा उडेल एवढा हशा झाला. बायका रंगमंचावर चढताना दिसल्यावर अण्णांना काय घडलं ते कळलं होतं. ते थांबले, समोरचे लोक हसून लोळताना दिसले आणि मग त्यांनी पडदा सोडला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आम्ही एकमेकांना मिठ्या मारत होतो. इतका चांगला शेवट आम्हाला आठ महिन्यांत सुचला नव्हता. मी अण्णांना शोधलं. ते एका मागाच्या आडोशाला पेटीवर बसले होते, दोरीचं टोक अजून हातात.

"मला ऐकू आलं न्हाय, मॅडम," ते म्हणाले. "उजव्या कानानं बी न्हाय. वरीस झालं, कमी कमी होत चाललंय. तोंडाकडं बघून भागवत होतो. तिची पाठ होती माज्याकडं." दोरीचं टोक खाली ठेवून म्हणाले, "पोरीनं सांभाळलं म्हणून. ज्याला ऐकू येत न्हाय त्यानं दोरी धरायची न्हाय. साकु."

पुढचे तीन आठवडे ते गोदामात आले नाहीत. खडूची अक्षरं दारावरून पुसली गेली. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नसे, त्यामुळं फोनचाही उपयोग नव्हता. शेवटी आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. बायको वारल्यापासून ते दोन खोल्यांत एकटेच राहायचे. जमिनीवर चादर पसरून त्यावर हत्यारांचे नऊ ढीग मांडले होते, आम्हा नऊ जणांसाठी. माझ्या ढिगात हातोडी, पक्कड, सुतळी आणि एक टॉर्च होता.

"बर्री, या, बसा," ते म्हणाले. "येणारच होतो द्यायला."

सलीमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अनसूयाक्कांच्या मात्र नाही. त्या अण्णांच्या बरोबर समोर, तोंड दिसेल अशा बसल्या आणि एकेक शब्द पुरा करत म्हणाल्या, "अण्णा, तुमी आमाला दार करायला शिकवलात. दारातनं आत यायला शिकवलात. आता तुमी या आत. पुढच्या नाटकात शेजारच्या आजोबांचं काम आहे. चार वाक्यं."

"मी? स्टेजवर?"

"व्हय, तुमीच."

"लोकांम्होरं?" अण्णांचा चेहरा असा झाला, की जन्मात कधी घाबरले नसतील इतके ते घाबरले. "मला ऐकू येत न्हाय, बाई. माझी पाळी आली हे मला कसं कळणार?"

"सलीमभाई कॉलरला हात लावतील. हात लावला की तुमी बोला."

"आणि दोरी?"

अनसूयाक्कांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

अण्णांनी नऊही ढिगांवरून एकदा नजर फिरवली. मग माझ्या ढिगातली पक्कड उचलून स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "ही लागंल मला. बाकीचं न्या."

इतका वाईट विद्यार्थी मी पाहिलेला नाही. सहासष्टाव्या वर्षी अण्णा अभिनय शिकायला लागले आणि आम्हा सगळ्यांना घाम फोडला. चार वाक्यं पाठ होती, पण ती म्हणताना नजर दिव्यांवर. समोरचा माणूस रडत असला तरी हे त्याच्या डोक्यावरून छताकडं बघून म्हणायचे, "तो तिसरा दिवा वाकडा हाय." मध्येच संवाद सोडून टेबलाचा पाय तपासायचे. हातांचं काय करायचं हे त्यांना कळेना, म्हणून ते खिशात घालायचे आणि खिशातली पक्कड बाहेर काढायचे. एकदा मीच न राहवून टोकावरच्या खुर्चीवरून ओरडले, "साकु, अण्णा, साकु!" त्यांना ऐकू गेलं नाही, पण माझं तोंड दिसलं. इतके खूश झाले, की म्हणाले, "आता पुरा झाला तुमचा शब्द!"

प्रयोग पेठेतल्याच एका शाळेच्या सभागृहात होता. संध्याकाळी सहाला. मी विंगेत दोरीपाशी. अण्णा माझ्या शेजारी, धोतर-कोट घालून, कोटाची बटणं लावत आणि काढत. पाळी आली तेव्हा मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते आत गेले.

दारात उभे राहिले आणि समोर पाहिलं. भरलेलं सभागृह. उजेडात उभं राहून ते त्यांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. सलीमभाईंनी कॉलरला हात लावला. अण्णा गप्प. सलीमभाईंनी दुसऱ्यांदा हात लावला, मग कॉलर उभी केली, मग आडवी केली. अण्णा गप्पच. मी दोरी घट्ट धरली.

तेवढ्यात अण्णांची नजर भिंतीवरच्या तसबिरीवर गेली. ती मी लावली होती आणि ती तिरकी होती. अण्णा चालत तिच्यापाशी गेले, कोपरा वर ढकलला, दोन पावलं मागं आले, एक डोळा मिटून पाहिलं, परत गेले, अजून जरा ढकलला. सभागृहात कुणीतरी हसलं. अण्णा वळले, दाराशी गेले, दार पुढं-मागं करून बघितलं आणि सलीमभाईंना म्हणाले, "कुरकुरतंय की ओ. तेल घाला." सगळं सभागृह हसलं. मग, घरचं काम झाल्यासारखे मोकळे होऊन, ते मधोमध आले आणि त्यांनी आपलं पहिलं वाक्य म्हटलं, "वाटीभर साखर हाय का?" इतकं सरळ, इतकं खरं, की ते पाठ केलेलं आहे असं कुणाला वाटलंच नसेल. उरलेली तीन वाक्यंही त्यांनी तशीच म्हटली आणि साखर घेऊन बाहेर आले.

विंगेत आल्या आल्या त्यांनी माझं मनगट धरलं. "हसले का?"

मी मान हलवली.

"मला दिसलं," ते म्हणाले. "आवाज काय आला न्हाय. पण मागच्या रांगेतल्या बाईचे दात दिसले मला, मॅडम. सगळे!"

नमस्काराला त्या दिवशी ते पहिल्यांदा पुढं आले. अनसूयाक्कांनी ओढूनच आणलं. हात जोडले आणि सोडायचे विसरले. आम्ही सगळे आत आलो तरी ते तसेच उभे. मी पडदा सोडायची थांबले. घाई नव्हती.

पुढच्या वर्षी त्यांची मुलगी सुजाता त्यांना जेऊरला घेऊन गेली. तिकडं तिची शेती, केळीची बाग. एकट्यानं राहणं आता बरं नव्हतं. आम्हाला वाटलं, अण्णा तिथं कंटाळतील. दोन महिन्यांनी सुजाताचा फोन आला. ती हसत होती. "अहो, माझ्या सासूबाई रोज दुपारनंतर शाळेच्या मैदानावर जातायत. वीस बाया जमतात. बाबांनी सगळ्यांकडनं दार बनवून घेतलंय."

एका रविवारी मी भेटायला गेले. दुपारपर्यंत घरी राहिले, भरपूर बोलले, म्हणजे त्यांना दिसेल असं बोलले. गोदामातला वर्ग आता अनसूयाक्का चालवतात, पुढचं नाटक कोणतं, सलीमभाईंना कुठं बक्षीस मिळालं, सगळं सांगितलं. अण्णा मान हलवत ऐकत होते आणि मध्येच दिव्यांबद्दल खोलात शिरून प्रश्न विचारत होते. निघताना ते आणि सुजाताच्या सासूबाई मला स्कुटीवरून स्टेशनावर सोडायला आले. तिघं एका स्कुटीवर, चालवणाऱ्या सासूबाई.

त्यानंतर चार महिन्यांनी अण्णा झोपेतच गेले. ती भेट शेवटची ठरली. पण त्या दिवशी तसं काही वाटायचं कारण नव्हतं. गाडीला उशीर होता. मी म्हटलं, थांबा की थोडं, चहा घेऊ. अण्णांनी स्टेशनवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि ते अस्वस्थ झाले.

"गाडी येईल तिच्या टायमाला," ते म्हणाले. "माझ्या बाया चारला येत्यात. धारा काढायला साडेपाचला परत जात्यात. मला थांबून चालायचं न्हाय."

"अण्णा, मी सोलापूरहून आलेय," मी म्हटलं.

"व्हय की. परत या. नाटक बघाय या." माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं करून ते वळलेसुद्धा.

स्टेशनाबाहेरच्या मंडपवाल्यानं त्यांच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची काढून ठेवली होती, बायांच्या नाटकातल्या पाटलाला बसायला. अण्णा स्कुटीवर मागं बसले आणि उन्हासाठी ती खुर्ची उलटी करून डोक्यावर धरली. सासूबाईंनी पदर खोचला आणि स्कुटी सुरू केली. गतिरोधकावरून जाताना खुर्ची उडाली, ती त्यांनी एका हातानं पकडली. दुसरा हात हवेत फिरवून ते सासूबाईंना काहीतरी समजावत होते, एंट्रीबद्दलच असणार. सासूबाई मागं न बघता जोरजोरात मान हलवत होत्या आणि स्कुटी रस्त्याच्या अगदी मधून चालली होती.